अ‍ॅलर्जीची चाचणी कामगाराच्या अंगावर कशासाठी?

बिब्बा सगळ्यांना उतत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ठाऊक असतं. एक जण बिब्ब्याचं तेल टाचेच्या भेगेत भरतो आणि त्याला काही होत नाही. दुसऱ्याचा नुसता हात लागतो आणि दोन दिवसांनी अंगावर पाण्याचे फोड उठतात, डोळे सुजून बंद होतात. काजूच्या टरफलातल्या तेलाचंही तसंच. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं, आणि बिब्ब्याच्या व काजूच्या तेलातली दाहक द्रव्यं साधारण एकाच घडणीची. काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, त्या याच द्रव्यांपासून कातडी वाचवायला.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नाही. कित्येक पिढ्यांनी फोड सोसून ते मिळवलं आणि घरोघर सांगितलं, म्हणून आज लहान मुलालाही बिब्ब्यापासून लांब राहा असं बजावता येतं. पण लोट्याच्या किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एखादं रसायन पहिल्यांदाच तयार होतं, तेव्हा त्याच्या मागे अशा पिढ्या नसतात. ते कुणाला उतेल, किती दिवसांनी उतेल, हातावर उतेल की छातीत, हे सांगणारं कुणी नसतं. तिथे दोनच मार्ग उरतात. कामगाराच्या हाती देण्याआधी ते तपासायचं, नाहीतर कामगाराच्या हाती देऊन काय होतं ते बघायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरा मार्ग चालतो, आणि त्यातही काय झालं ते कुणी नीट बघत नाही, लिहून ठेवत नाही.

माझं म्हणणं असं आहे की कातडीच्या अ‍ॅलर्जीपुरता पहिला मार्ग आता पूर्ण खुला आहे आणि तो न घेण्याला सबळ कारण उरलेलं नाही. श्वासाच्या अ‍ॅलर्जीसाठी तो अजून अर्धवट आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तिथे सावधगिरी दुप्पट हवी.

जळजळ आणि अ‍ॅलर्जी यांची गल्लत कामगाराला फार महागात पडते. कॉस्टिक हातावर सांडलं तर कुणाचाही हात भाजतो. जास्त सांडलं तर जास्त भाजतो. अ‍ॅलर्जीचं तसं नाही. ती घडवणारी बहुतेक औद्योगिक रसायनं लहान रेणूंची असतात, सहसा पाचशे डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतली. एवढा लहान रेणू एकटा असताना शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या लक्षातही येत नाही. पण तो कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो, प्रथिनाचं रूप बदलतं आणि शरीर आपल्याच प्रथिनाला परकं समजू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ही खबर जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे त्या रसायनाला ओळखणाऱ्या टी-पेशी वाढू लागतात. हे सगळं चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही. खाज नाही, चट्टा नाही. कुणाच्या बाबतीत हा टप्पा दोन आठवड्यांत पुरा होतो, कुणाच्या बाबतीत वर्षं जातात. त्यानंतर मात्र तेच रसायन पुन्हा लागलं की एक-दोन दिवसांत इसब उठतं, आणि आता पूर्वीच्या मानाने अगदी थोडं पुरतं. शरीराला एकदा पटलेली ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही.

त्यामुळे ‘सहा महिने तर काही झालं नाही, मग आत्ताच कसं झालं?’ हा प्लांटमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न उलटा आहे. आधी काही दिवस काहीच न होणं हे अ‍ॅलर्जीशी जुळणारंच लक्षण आहे. दुसरा प्रश्न असतो, ‘बाकीच्यांना का नाही?’ त्याचं उत्तर बिब्ब्याने आपल्याला केव्हाच दिलेलं आहे. पण बिब्ब्याच्या बाबतीत आपण ते उत्तर मान्य करतो आणि रसायनाच्या ड्रमाशी आलो की त्याच उत्तराचा वापर कामगाराविरुद्ध करतो. ‘त्याची प्रकृतीच नाजूक’ म्हणतो. दोष ड्रमातून उचलून माणसाच्या अंगावर टाकला जातो.

याचा परिणाम काय होतो ते बघा. एखाद्या रसायनाने दहा कामगारांपैकी दोघांच्या हाताला इसब झालं. ते दोघे कंत्राटी. खाज सहन होईना तेव्हा त्यांनी काम सोडलं, किंवा कंत्राटदाराने त्यांना दुसरीकडे पाठवलं. त्यांच्या जागी दोन नवे आले. त्यातला एक टिकला, एक गेला. पाच वर्षांनी त्या प्लांटमध्ये उभी असलेली सगळी माणसं ठणठणीत आहेत, कारण ज्यांना बाधलं ते सगळे गेटबाहेर गेले. मग व्यवस्थापक पाहुण्यांना अभिमानाने सांगतो की आमच्याकडे इतकी वर्षं काम करणारी माणसं आहेत, कुणाला काही झालेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर जे दिसतं ते तो सांगतो. पण जे निघून गेले त्यांची वही कुणी ठेवलेली नाही, आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून रसायन निर्दोष ठरतं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही फसगत चांगली ठाऊक आहे; सुदृढ तेवढेच शिल्लक राहतात आणि त्यांचीच मोजदाद होते. म्हणून ‘आमचा अनुभव चांगला आहे’ हा युक्तिवाद मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही, मग तो कितीही प्रामाणिकपणे केलेला असो.

गेलेल्या त्या दोघांचं काय होतं? तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे जातात. लाल चट्टा, खाज, कोकणची दमट हवा. गजकर्ण समजून मलम मिळतं. त्यात स्टिरॉइड असलं तर आठवडाभर बरंही वाटतं. मलम संपलं की पुन्हा तेच. या सगळ्यात ‘काम काय करतोस, हाताला काय काय लागतं?’ हा प्रश्न राहून जातो.

आता तपासणीकडे येऊ. एकेकाळी कातडीच्या अ‍ॅलर्जीची चाचणी म्हणजे गिनीपिग. १९६० च्या दशकात बसवलेल्या पद्धतींत त्यांच्या अंगावर रसायन पुनःपुन्हा लावायचं आणि काही दिवसांनी परत लावून प्रतिक्रिया पाहायची. मग उंदरांवरची एक बरी चाचणी आली. उंदराच्या कानाला रसायन लावायचं आणि कानाजवळच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी किती वाढल्या ते मोजायचं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ साली ती क्रमांक ४२९ ची मार्गदर्शक पद्धत म्हणून स्वीकारली. पेशींची वाढ तिपटीवर न्यायला किती तीव्रतेचं द्रावण लागलं यावरून रसायनाचा जहालपणाही ठरवता येतो, हा तिचा मोठा गुण.

पण खरी उडी त्यानंतरची आहे. अ‍ॅलर्जी कोणकोणत्या पायऱ्यांनी घडते याचा नकाशा ओईसीडीने २०१२ साली मांडला. प्रथिनाला चिकटणं, कातडीच्या पेशींनी धोक्याची हाक देणं, पहारेकरी पेशींनी जागं होणं आणि टी-पेशींची वाढ, अशा त्या चार पायऱ्या. एकदा पायऱ्या कळल्यावर प्रत्येक पायरी जनावराशिवाय, काचेच्या भांड्यात तपासता येते. पहिल्या चाचणीत रसायन छोट्या कृत्रिम पेप्टाइडांबरोबर, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांसारख्या साखळ्यांबरोबर, चोवीस तास ठेवतात आणि किती पेप्टाइड त्याला चिकटून संपलं ते मोजतात. दुसऱ्या चाचणीत माणसाच्या कातडीच्या पेशींना असं जनुक जोडलेलं असतं की धोक्याची हाक दिली की पेशी उजळतात. तिसरीत रक्तपेशींच्या एका वाणावर ठरावीक खुणा उमटतात का ते पाहतात. या तिन्हींपैकी दोन चाचण्यांचं एकमत झालं की तो निकाल धरायचा, असा नियम ओईसीडीच्या २०२१ च्या ४९७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे. जनावर मारावं लागत नाही आणि वर्षानुवर्षं थांबावंही लागत नाही.

या चाचण्यांना मर्यादा आहेत आणि त्या लपवून मला माझी बाजू बळकट करायची नाही. निकेलसारखे धातू त्यांच्या चौकटीत नीट बसत नाहीत. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांची पंचाईत होते. काही रसायनं मुळात निरुपद्रवी असतात पण हवेत राहून बदलतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ताजं असताना फारसं त्रास देत नाही, ऑक्सिडीकरण झालं की अ‍ॅलर्जी घडवू लागतं. अशा वेळी जाणकाराला रेणूची घडण बघून निर्णय करावा लागतो. अल्डिहाइड, इपॉक्साइड, अ‍ॅक्रिलेट, आयसोसायनेट असे गट रेणूत दिसले की संशय घ्यायचा, हे तर चाचणीआधीचं काम आहे आणि ते करायला रसायनशास्त्राचा पदवीधर व संगणक पुरतो. लोट्यात, महाडला, रोह्याच्या धाटावला पदवीधर केमिस्टांची वानवा नाही. त्यांना हा प्रश्न कुणी विचारायला लावत नाही, एवढंच.

हर्णैपासून मिरकरवाड्यापर्यंत फायबरच्या होड्या बांधणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी घ्या. रेझिन, कोबाल्ट, हार्डनर ही त्यांची रोजची भाषा. त्यातला कोबाल्ट हा कातडीच्या अ‍ॅलर्जीचा जुना आणि सिद्ध अपराधी. कुठे पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरलं तर पूर्ण घट्ट न झालेलं इपॉक्सी रेझिन त्याहून कुख्यात. महामार्गालगतच्या गॅरेजात गाडीला स्प्रे मारणारा पोरगा पॉलियुरेथेन रंगात जो हार्डनर मिसळतो त्यात आयसोसायनेट असतं. यांतलं एकही रसायन गूढ नाही. जगभर त्यांच्यावर ढिगाने माहिती आहे. तरी ती उघड्या हातांनी आणि तोंडाला रुमाल बांधून वापरली जातात. म्हणजे मूल्यमापन झालेलं असणं पुरेसं नाही, ते योग्य माणसापर्यंत जायला हवं. पण त्याआधी ते झालेलं तरी हवं, आणि इंटरमीडिएटांच्या बाबतीत तिथेच अडतं.

इंटरमीडिएट म्हणजे औषध, रंग किंवा कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणारा माल. कोकणातल्या रासायनिक वसाहतींची मोठी कमाई यावर आहे. हा माल दुकानात जात नाही, म्हणून त्याच्यावर ग्राहकासाठीचं लेबल नसतं. तो बहुधा एखाद्या सांकेतिक नावाने ओळखला जातो. आणि गंमतीची नव्हे तर काळजीची गोष्ट अशी की इंटरमीडिएट हा स्वभावानेच पुढच्या अभिक्रियेसाठी घडवलेला, चटकन चिकटणारा रेणू असतो. जो गुण रिअ‍ॅक्टरमध्ये उपयोगी तोच कातडीत घातक. सर्वांत जास्त संशय ज्यावर घ्यायला हवा त्याच मालावर सर्वांत कमी माहिती, अशी ही उलटी रचना आहे.

आता श्वासाची अ‍ॅलर्जी. इथे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण हाताचं इसब माणसाला हैराण करतं, पण दमा जीव घेऊ शकतो. आयसोसायनेटं, थॅलिक आणि ट्रायमेलिटिक अ‍ॅनहायड्राइडं, कापडाचे काही रिअ‍ॅक्टिव्ह डाय, प्लॅटिनमचे क्षार, पेनिसिलिन वर्गातल्या औषधांची भुकटी, यांच्यामुळे कामगारांना दमा होतो हे पक्कं ठाऊक आहे. हे ठाऊक कसं झालं? कामगारांना दमा झाला म्हणून. एखादं नवं रसायन श्वासाची अ‍ॅलर्जी घडवेल का हे आधीच सांगणारी, जगाने मान्य केलेली एकही चाचणी आज नाही. ना जनावरावरची, ना भांड्यातली.

‘चाचणीच नाही, तर करायचं काय?’ असं म्हणून इथे बरेच जण हात झटकतात. पण अगदीच अंधार नाही. श्वासाची अ‍ॅलर्जी घडवणारी जी रसायनं आजवर सापडली आहेत ती जवळपास सगळी कातडीच्या चाचण्यांतही दोषी ठरतात. त्यांच्यातली बरीच प्रथिनातल्या लायसिन या घटकाला विशेष ओढीने चिकटतात. याचा उलट अर्थ लावता येत नाही, कातडीचा प्रत्येक अपराधी छातीचाही असतो असं नाही. पण कातडीच्या चाचणीत निर्दोष ठरलेल्या रसायनाबद्दल छातीची काळजी बरीच कमी होते, आणि दोषी ठरलेलं रसायन जर वाफ, फवारा किंवा बारीक भुकटीच्या रूपात हवेत जात असेल तर त्याला संशयित धरून बंदिस्त यंत्रणेत हाताळणं हेच शहाणपणाचं. कातडी वाचवण्याचाही इथे दुहेरी उपयोग आहे, कारण आयसोसायनेट कातडीवर लागूनसुद्धा पुढे छातीची अ‍ॅलर्जी जडू शकते असं मानायला सबळ आधार आहे.

वासावर तर मुळीच विसंबू नये. टोल्यूईन डायआयसोसायनेटची कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतली मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.००५ भाग होती, म्हणजे शंभर कोटी भागांत पाच. माणसाच्या नाकाला त्याचा वास येतो तो याच्या कितीतरी पट जास्त प्रमाणात. वास आला तेव्हा मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. आणि ज्याला एकदा अ‍ॅलर्जी जडली त्याला मर्यादेच्या आतलं प्रमाणही बाधू शकतं. कोकणातल्या प्रदूषणाच्या चर्चेत ही गोष्ट फार मागे पडते असं मला वाटतं. दाभोळ खाडीत मासे मेले, नाल्याचं पाणी रंगलं, रात्री उग्र वास सुटला की आंदोलन होतं, आणि व्हायलाच हवं. पण ज्याला वास नाही, रंग नाही आणि जे खाडीपर्यंत पोचतच नाही, प्लांटच्या आतल्या माणसाच्या छातीतच जिरतं, त्यासाठी मोर्चा निघत नाही.

आपल्या कायद्याची नजरही अशीच एका बाजूला लागलेली आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९८४ साली भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम आले. दोन्ही आवश्यक होते. पण १९८९ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत रसायन घातक कधी मानायचं याचे जे निकष आहेत ते वाचले की कळतं, सगळा भर किती मात्रेने मरण येतं, पेट घेतं का, स्फोट होतो का यावर आहे. अ‍ॅलर्जी घडवण्याची क्षमता हा निकष त्यात नाही. एका रात्रीत हजारो माणसं मारणाऱ्या वायूच्या भीतीतून घडलेला नियम, एका माणसाला सावकाश निकामी करणाऱ्या भुकटीकडे पाहत नाही. रसायनांची नोंदणी आणि धोक्यानुसार वर्गवारी सक्तीची करू पाहणाऱ्या नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे. चर्चा पुरे झाली, असं मला मनापासून वाटतं.

तिकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या, नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी होती आणि तिच्या तिसऱ्या भागात कामामुळे होणारा दमाही होता, पण तो ‘मान्यताप्राप्त’ अ‍ॅलर्जीकारक द्रव्यामुळे झालेला असावा लागे. ज्या इंटरमीडिएटची कधी तपासणीच झाली नाही त्याला मान्यता कोण देणार, आणि दावा करणारा कामगार ती कुठून आणणार? न तपासण्याचा फायदा इथे थेट न तपासणाऱ्यालाच मिळतो. त्याची नियत वाईट असेलच असं नाही. कायद्याची मांडणीच अशी आहे की माहिती नसणं स्वस्त पडतं.

आणि माहिती खरोखर नसते असंही नेहमी नाही. युरोपात वर्षाला एक टनापासून पुढे रसायन पाठवायचं तर तिथल्या रीच कायद्याखाली कातडीच्या अ‍ॅलर्जीबद्दलची माहिती द्यावी लागते. सक्त बंदिस्त पद्धतीने वापरल्या जाणाऱ्या इंटरमीडिएटांना तिथेही सूट आहे, ते मान्य. पण बाकीच्या मालाची माहिती तयार होते, नोंदवली जाते आणि युरोपीय रसायन संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ड्रमावरचा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक, टाकला की पुरतं. तिथे कातडीच्या अ‍ॅलर्जीसाठी एच ३१७ आणि श्वासाच्या अ‍ॅलर्जीसाठी एच ३३४ अशी धोक्याची वाक्यं ठरलेली आहेत. ती दिसली की निवाडा झालेला आहे असं समजावं. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला प्रशिक्षण घेतल्याशिवाय डबा उघडता येत नाही. तोच डबा आपल्याकडे कुणीही उघडतो. ड्रम उघडणाऱ्या जर्मन माणसाला जो इशारा मिळतो तो ड्रम भरणाऱ्या खेडच्या माणसाला मिळू नये, हे मला कुठल्याही अर्थाने समर्थनीय वाटत नाही. निर्यात करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने परदेशी खरेदीदाराला दिलेली सुरक्षा माहिती जशीच्या तशी, मराठीत आणि हिंदीत, त्या प्लांटच्या भिंतीवर लावावी. याला नवी चाचणी लागत नाही, नवा पैसा जवळजवळ लागत नाही.

रोजगाराची बाजू मी हलकी समजत नाही. पोरं मुंबईला जाऊन चाळीतल्या खोलीत दाटीने राहण्यापेक्षा घरून डबा घेऊन लोट्याला जातात, हे कोकणातल्या घरांना किती मोलाचं आहे ते सांगायला नको. पण मूल्यमापन म्हणजे टाळं, हे समीकरण चुकीचं आहे. सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियममुळे गवंड्यांच्या हाताला हट्टी इसब होतं. डेन्मार्कने १९८० च्या दशकातच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून ते कमी करायला लावलं, आणि २००५ पासून सबंध युरोपात दशलक्ष भागांत दोन भाग ही मर्यादा आली. सिमेंटचा धंदा चालूच राहिला आणि गवंड्यांमधली क्रोमियमची अ‍ॅलर्जी घटली. ब्रिटनमध्ये १९६९ साली धुण्याच्या पावडरीतल्या एन्झाइममुळे कारखान्यातल्या कामगारांना दमा होतो असं प्रसिद्ध झालं. त्यावर एन्झाइमची भुकटी न वापरता तिचे आवरण दिलेले दाणे करणं आणि धूळ रोखणं हा उपाय निघाला. एन्झाइमवाली पावडर आजही आपल्या घरात आहे. दोन्हीकडे आधी ‘होय, यानेच होतं’ हे मान्य करावं लागलं, मग इंजिनिअरांनी वाट काढली.

आपल्याकडे हे मान्य करायला जी नोंद लागते ती सुरू करणं अवघड नाही. कामामुळे होणाऱ्या दम्याची एक खूण अशी की तो कामाच्या दिवसांत वाढतो आणि सुट्टीत उतरतो. पुष्कळदा शिफ्ट संपल्यावर, रात्री धाप लागते, त्यामुळे कामाशी संबंध लक्षातच येत नाही. त्यातून पावसाळ्यात कोकणात बुरशी आणि ओल इतकी की सगळा दोष हवेवर जातो. म्हणून डॉक्टरने विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे: गणपतीला घरी होतास तेव्हा छाती कशी होती? हवा तीच, ओल तीच, आणि फक्त प्लांट नव्हता. शिमग्याच्या सुट्टीबद्दलही विचारावं. मग श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर हातात द्यावा. विजेशिवाय चालणारं साधं, स्वस्त उपकरण ते. दिवसातून चार वेळा फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, कामाचे दोन आठवडे आणि सुट्टीचे दिवस दोन्ही धरून. आलेखावर आकडे मांडले की कामाच्या दिवसांतली घसरण बरेचदा डोळ्यांना दिसते. हाताच्या इसबासाठी पॅच टेस्ट आहे. संशयित द्रव्यं पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवायची आणि त्यानंतर दोनदा तपासायचं. ही पद्धत १८९० च्या दशकापासून ज्ञात आहे. आपल्या घामाने पट्ट्या सुटतात ही खरी अडचण आहे, म्हणून ते काम थंडीच्या महिन्यांत उरकावं. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या त्वचारोग आणि श्वसनरोग विभागांनी औद्योगिक वसाहतींतल्या रुग्णांची वेगळी नोंदवही ठेवली तर काही वर्षांत कोणत्या कामातून कोणता आजार येतो हे आपल्याच आकड्यांवरून बोलता येईल.

कायद्यातही धरायला जागा आहे. रसायनांमुळे होणारं त्वचेचं इसब, अ‍ॅलर्जीकारकांमुळे होणारं धरून, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. तो आजार दिसला की डॉक्टरने कळवायचं असतं. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामाआधी, काम चालू असताना आणि काम सोडल्यावरही जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी व्हावी असं कारखाने अधिनियमाच्या ४१-सी कलमात लिहिलेलं होतं. काम सोडल्यावरही, हे महत्त्वाचं. गेटबाहेर गेलेल्या त्या दोन कंत्राटी कामगारांना शोधायचा अधिकार त्यात होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा घेणाऱ्या, संसदेने २०२० साली केलेल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षितता व आरोग्याच्या संहितेतही धोकादायक प्रक्रियांच्या तरतुदी आहेत, तेव्हा राज्याचे नियम लिहिताना पीक फ्लो, हातांची तपासणी आणि काम सोडण्याचं कारण हे तीन रकाने तपासणीच्या अर्जात घालून घ्यावेत.

आणि ४१-बी कलमात आरोग्याच्या धोक्यांसह सगळी माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना देण्याचं बंधन कारखानदारावर घातलेलं होतं. स्थानिक संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायत. वसाहतीला लागून असलेल्या गावांनी येत्या ग्रामसभेत हाच विषय घ्यावा: हद्दीतल्या प्रत्येक कारखान्याने हाताळत असलेल्या आणि मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या रसायनांची कॅस क्रमांकासह यादी द्यावी, आणि प्रत्येकापुढे कातडीची अ‍ॅलर्जी व श्वासाची अ‍ॅलर्जी असे दोन रकाने भरावेत. होय, नाही, किंवा तपासलेलं नाही. जिथे ‘तपासलेलं नाही’ असेल तिथे तपासणी होईपर्यंत ते ‘होय’ समजून हाताळायचं, अशी अट ठरावात घालावी आणि ठरावाची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवावी.